कोलंबस पॅनहँडल्स: रेल्वेच्या पासावर चाललेला फुटबॉल संघ

रूळओळ

ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात पेनसिल्व्हेनिया रेलरोडच्या पॅनहँडल विभागाचं वर्कशॉप होतं. इंजिनं उघडून दुरुस्त करायची, बॉयलर बांधायचे, डबे पुन्हा रुळावर आणायचे, हे तिथलं काम. त्या वर्कशॉपमधल्या कामगारांचा अमेरिकन फुटबॉलचा संघ म्हणजे कोलंबस पॅनहँडल्स. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला तो पहिल्यांदा उभा राहिला आणि काही हंगामांतच मोडला. १९०७ साली जो कार नावाच्या माणसाने तो पुन्हा बांधला. त्यानंतर १९२२ च्या हंगामापर्यंत संघ त्याच नावाने खेळला. शेवटचे तीन हंगाम तो ज्या लीगमध्ये होता, तिलाच आज आपण एनएफएल (नॅशनल फुटबॉल लीग) म्हणतो.

आधी नावाबद्दल. वेस्ट व्हर्जिनिया राज्याचा एक चिंचोळा पट्टा ओहायो आणि पेनसिल्व्हेनिया यांच्यामध्ये उत्तरेकडे कढईच्या दांड्यासारखा वर गेला आहे. पिट्सबर्गहून कोलंबसकडे येणारी लाइन हा पट्टा ओलांडायची, म्हणून तिला ‘पॅन हँडल रूट’ म्हणत. रेल्वेच्या विभागाचं नाव वर्कशॉपला लागलं आणि वर्कशॉपचं संघाला.

कार स्वतः तिथे मशिनिस्ट होता. शिवाय वृत्तपत्रात खेळांच्या बातम्या लिहायचा आणि बेसबॉलचा संघही चालवायचा. त्यामुळे लेथवर काम करणारा माणूस, बातमी छापून आणणारा माणूस आणि सामने ठरवणारा माणूस हे तिन्ही एकच होते. छोट्या संघाला याहून स्वस्त व्यवस्थापक मिळाला नसता.

१९०७ चा संघ प्रामुख्याने नेसर भावांवर उभा होता. जॉन, फिल, टेड, फ्रेड, फ्रँक आणि आल असे सहा भाऊ नियमित खेळत, रे नावाचा सातवा अधूनमधून. पीट नावाचा आठवा भाऊ फुटबॉलच्या वाटेला गेला नाही. घर जर्मनीकडून आलेलं आणि बहुतेक भावांचा धंदा बॉयलरमेकरचा. टेड १९०७ च्या आधी मॅसिलन टायगर्सकडून खेळून आला होता, म्हणजे त्या काळच्या ओहायोतला सगळ्यात कडक फुटबॉल त्याने पाहिलेला होता. पॅनहँडल्समध्ये खेळाडू आणि प्रशिक्षक अशी दोन्ही कामं त्याच्याकडे होती.

या संघाबद्दल बोलताना नेहमी भावांच्या ताकदीच्या गोष्टी सांगितल्या जातात. माझ्या मते खरी गोष्ट हिशेबाची आहे. रेल्वे कर्मचाऱ्यांना पासावर फुकट प्रवास मिळायचा. कारने त्यावरून सरळ निष्कर्ष काढला: घरच्या मैदानावर सामने भरवायचे, तर मैदानाचं भाडं, जाहिरात, तिकिटं, पंच हे सगळं अंगावर घ्यायचं. त्यापेक्षा पासावर दुसऱ्याच्या गावी जावं, खेळावं आणि ठरलेली रक्कम घेऊन परत यावं. म्हणून पॅनहँडल्स हा जवळजवळ कायमचा पाहुणा संघ झाला. कोलंबसमध्ये इंडियनोला पार्कवर काही सामने झाले, पण पोट भरलं ते बाहेरगावच्या सामन्यांवर.

‘अर्धव्यावसायिक’ या शब्दाचा अर्थही इथे नीट कळतो. अर्ध्या दर्जाचा खेळ असा त्याचा अर्थ नाही. आठवडाभर वर्कशॉपमध्ये पगारी काम, सराव जेवणाच्या सुट्टीत यार्डातल्या मोकळ्या जागेत, शनिवारी काम संपल्यावर गाडी, रविवारी सामना, रात्री परतीची गाडी आणि सोमवारी सकाळी पुन्हा हातोडा. खेळाचे पैसे मिळत, पण चूल पगारावर पेटायची.

पुढच्या प्रतिसादांत बाकीच्यांनी भर घालावी. १९२० नंतरचं मी नंतर लिहितो.

चौथा_डाउन

चांगला विषय. नियमांबद्दल थोडं लिहितो, कारण आजचा खेळ डोळ्यांसमोर ठेवून १९०७ चे गुण वाचले तर काहीच उलगडत नाही.

१९०७ मध्ये टचडाउनला (चेंडू घेऊन गोलरेषा ओलांडण्याला) ५ गुण होते आणि फील्ड गोलला (लाथेने चेंडू गोलच्या खांबांमधून वर धाडण्याला) ४. १९०९ मध्ये फील्ड गोल ३ वर आला आणि १९१२ मध्ये टचडाउन ६ वर गेला. मैदान ११० यार्डांचं होतं. १९१२ मध्ये ते १०० यार्ड झालं आणि दोन्ही टोकांना गोलरेषेपलीकडे १० यार्डांचे पट्टे, म्हणजे एंड झोन, आले. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे १० यार्ड जायला तीनच डाउन, म्हणजे प्रयत्न, मिळायचे. चौथा डाउन १९१२ पासूनचा.

पुढे फेकायचा पास १९०६ मध्ये कायदेशीर झाला, पण सुरुवातीला तो इतका जखडलेला होता की शहाणा संघ त्याच्या वाटेला जात नसे. पहिल्या किंवा दुसऱ्या डाउनला पास चुकला तर १५ यार्ड दंड, तिसऱ्याला चुकला तर चेंडूच गेला. चेंडूही आजच्यासारखा निमुळता नव्हता. आडवा घेर जवळपास २३ इंच, आजचा सुमारे २१ इंच. दोन इंचांचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण त्या फुगीर चेंडूवर बोटांची पकड बसत नाही, त्यामुळे तो फिरत सरळ जाण्याऐवजी हवेत डुलतो. ड्रॉपकिकसाठी (चेंडू खाली टाकून टप्पा उठताना मारलेल्या लाथेसाठी) मात्र तो उत्तम, कारण टोक बोथट असल्यामुळे जमिनीवर टप्पा सरळ वर येतो. फ्रँक नेसरच्या पंटचं (हातातून सोडलेला चेंडू जमिनीला टेकण्याआधी मारलेल्या लाथेचं) आणि ड्रॉपकिकचं जे कौतुक वाचायला मिळतं, त्याला ही बाजू आहे.

तीन डाउनमध्ये १० यार्ड, पास धोक्याचा, चेंडू जाड. अशा खेळात समोरच्या फळीला दोन-तीन पावलं मागे रेटू शकणारी जड आणि टणक माणसं लागतात. बॉयलर वर्कशॉपमध्ये अशी माणसं आयती होती. १९१० मध्ये चेंडू घेतलेल्या खेळाडूला मागून ढकलणं आणि ओढणं बंद झालं आणि आक्रमण करणाऱ्या संघाचे सात जण लाइनवर, म्हणजे पुढच्या फळीत, असलेच पाहिजेत असं ठरलं. त्यामुळे सामूहिक रेटारेटी संपली, तरी एकट्याच्या वजनाची किंमत उरलीच.

परळगाडी

वाचतोय. पासाबद्दल एक शंका. आपल्याकडे रेल्वेत क्रीडा कोट्यातून भरती होते, खेळाडूंना सामन्यांसाठी खास रजा मिळते, रेल्वेचा अधिकृत संघ असतो. तसंच होतं का हे? आणि खेळायला जाण्यासाठी पास वापरणं कायद्यात बसायचं का? नाहीतर सगळी इमारतच कच्च्या पायावर म्हणायची.

रूळओळ

परळगाडी, प्रश्न नेमका आहे. आपल्यासारखी भरती तिथे नव्हती. नेसर भाऊ आधी बॉयलरमेकर होते आणि मग खेळाडू. पगार बॉयलरचा मिळायचा, फुटबॉलचा नाही.

कायद्याचं असं आहे. १९०६ च्या हेपबर्न कायद्याने अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांना फुकट पास वाटायला बंदी केली. तोवर आमदार, पत्रकार, मोठे गिऱ्हाईक अशा सगळ्यांना खूश ठेवायला पास दिले जात. पण या बंदीतून कंपनीचे कर्मचारी आणि त्यांची कुटुंबं वगळलेली होती. म्हणजे १९०७ साली कारने संघ पुन्हा बांधला तेव्हा, रेल्वेने फुकट प्रवास करायचा तर खेळाडू रेल्वेचेच हवेत अशी स्थिती होती. बाहेरचा एखादा तरबेज खेळाडू घेतला की त्याचं तिकीट काढावं लागणार. कामगारांचाच संघ ठेवण्यामागे कारची आत्मीयता होतीच, पण हेही गणित होतं असं मला वाटतं.

नकाशा पाहिला तर आणखी एक गोष्ट दिसते. कँटन, मॅसिलन, मॅन्सफील्ड, फोर्ट वेन ही फुटबॉलची गावं पेनसिल्व्हेनियाच्याच पिट्सबर्ग ते शिकागो या मुख्य मार्गावर ओळीने येतात. डेटन पॅनहँडल विभागाच्याच एका फाट्यावर. ॲक्रनला जायला कोलंबसहून निघणारी लाइनही त्याच कंपनीच्या ताब्यातली. ओहायोतले बहुतेक तगडे प्रतिस्पर्धी घरच्या रुळांवरच होते.

हिशेबवही

आकडे मांडून बघू. १९०६ मध्ये ओहायोने कायद्याने प्रवासी भाडं मैलाला २ सेंट ठरवलं. कोलंबस ते कँटन साधारण १२५ मैल, जाऊन येऊन २५०. माणशी ५ डॉलर. खेळाडू, व्यवस्थापक आणि सामान सांभाळणारा मिळून १८ माणसं धरली तर ९० डॉलर. हा खर्च पॅनहँडल्सला शून्य.

९० डॉलर म्हणजे किती? १९१५ मध्ये कँटनने जिम थॉर्पला एका सामन्याचे २५० डॉलर दिले आणि ती रक्कम तेव्हा सगळ्यांना अचाट वाटली होती. म्हणजे देशातल्या सर्वांत नावाजलेल्या खेळाडूच्या मानधनाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त पैसे पॅनहँडल्स प्रत्येक सामन्याला केवळ तिकिटांवर वाचवत होते. पुढे भाडी वाढली. युद्धकाळात रेल्वे सरकारच्या ताब्यात असताना १९१८ मध्ये मैलाला ३ सेंट आणि ऑगस्ट १९२० पासून ३.६ सेंट झाले. त्याच कँटन फेरीचे १८ जणांचे आता १६२ डॉलर. पासाची किंमत वाढतच गेली.

पाहुण्या संघाचा करार तेव्हा दोन प्रकारे व्हायचा. एक, ठरलेली हमी रक्कम. दोन, तिकीटविक्रीतला टक्का. कधी दोन्ही मिळून: हमी अमुक, आणि विक्री तमुकच्या वर गेली तर टक्का. पाहुण्याला हमीच परवडते, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या ओहायोत पावसाने मैदानाचा चिखल झाला की प्रेक्षक अर्धे होतात. टक्क्यावर गेलेला संघ तिकिटाचे पैसे खिशातून भरून परत येतो. यजमानालाही हमी द्यायला हरकत नसे, फक्त पाहुणा गर्दी खेचणारा हवा. इथे सहा भावांचा उपयोग होता. ‘एकाच घरातले सहा जण येणार’ एवढ्या ओळीवर भिंतीवरचं पत्रक चालायचं, आणि वृत्तपत्रात काम केलेला कार आधी त्या गावच्या पेपरात तेवढंच छापून येईल याची काळजी घ्यायचा.

यात एक दोष दडलेला होता. कायम बाहेर खेळणाऱ्या संघाला स्वतःचा प्रेक्षक तयार होत नाही. हमीची रक्कम यजमान ठरवतो. यजमानाकडे पैसा आहे तोवर ठीक, पण तो खेळाडूंवर जास्त खर्च करायला लागला की पाहुण्याला द्यायला कमी उरतं. १९१९ नंतर तेच झालं.

शिट्टी

चौथा_डाउन यांनी बॉयलरमेकरचा उल्लेख केलाय म्हणून त्या कामाबद्दल दोन शब्द. वाफेच्या इंजिनाचा बॉयलर जाड पोलादी पत्र्यांचा. दोन पत्रे एकावर एक आणून भोकं जुळवायची, लालबुंद तापवलेला रिव्हेट घालायचा, एकाने आतून जड ठोकळा दाबून धरायचा, दुसऱ्याने बाहेरून हवेच्या हातोड्याने टोक चेपायचं. भट्टीच्या पेटीभोवती आतल्या-बाहेरच्या पत्र्यांना जोडणारे शेकडो आडवे बोल्ट असतात. दुरुस्तीत तुटलेले शोधून, छिनीने काढून, नवे आटे पाडून बसवावे लागतात. अर्धं काम वाकून आणि उताणं पडून. खांदे, मनगट आणि कंबर दिवसभर ताणाखाली. फुटबॉलच्या लाइनमध्ये याच तीन जागा कामाला येतात.

पोशाखाबद्दल म्हणाल तर शिरस्त्राण चामड्याचं, मऊ आणि ऐच्छिक. एनएफएलने ते सक्तीचं केलं १९४३ मध्ये. खांद्यांना चामडं आणि नमदा शिवलेले पॅड, विजार जाड कॅनव्हासची, मांडीवर आतून पट्ट्या घातलेली. आल नेसर शिरस्त्राण आणि पॅड न घालता खेळण्यासाठी प्रसिद्ध होता आणि तरीही १९३१ पर्यंत खेळत राहिला. मध्यंतरी तो ॲक्रनच्या १९२० च्या आणि न्यूयॉर्क जायंट्सच्या १९२७ च्या विजेत्या संघांत होता. त्याचं अनुकरण करण्यासारखं काही नाही, पण त्या शरीराची कल्पना यावी.

बदली खेळाडूंचा नियमही लक्षात घ्या. क्वार्टरमध्ये (सामन्याच्या चारपैकी एका भागात) बाहेर गेलेला खेळाडू त्याच क्वार्टरमध्ये परत येऊ शकत नसे. त्यामुळे तेच अकरा जण आक्रमण, बचाव आणि लाथा मारण्याचं काम करायचे. १५-१६ जणांत संघ भागायचा. पाहुण्या संघाला हे सोयीचं: माणसं कमी, म्हणजे हमीचे वाटेकरी कमी. पण दोन जण जायबंदी झाले की चौथ्या क्वार्टरमध्ये संघ कोसळतो.

रूळओळ

आता १९२०.

१७ सप्टेंबर १९२० रोजी कँटनमध्ये राल्फ हे नावाच्या संघमालकाच्या हपमोबील मोटारींच्या दालनात काही संघांचे प्रतिनिधी जमले आणि लीग स्थापन झाली. अध्यक्षपद जिम थॉर्पला दिलं, ते त्याच्या नावासाठी. सदस्यत्वाची फी १०० डॉलर ठरली, ती कोणी भरली नाही. पॅनहँडल्स त्या बैठकीला नव्हते, पण त्याच हंगामात लीगमध्ये आले.

३ ऑक्टोबर १९२० रोजी डेटनच्या ट्रँगल पार्कवर डेटन ट्रँगल्स विरुद्ध कोलंबस पॅनहँडल्स. लीगच्याच दोन संघांमधला पहिला सामना म्हणून याची नोंद आहे. पहिल्या अर्ध्यात गुण नाहीत. मग डेटनच्या लू पार्टलोने टचडाउन केलं, पुढे फ्रँक बेकनने पंट परत आणत दुसरं केलं, दोन्हींचे जादा गुण जॉर्ज किंडरडाइनने लाथेने मिळवले. डेटन १४, कोलंबस ०.

त्याच दिवशी रॉक आयलंडने मन्सीला ४५-० ने हरवलं. कुठला सामना आधी सुरू झाला यावरून वाद होतो, म्हणून ‘पहिला टचडाउन’ हा मान छातीठोकपणे एकालाच देऊ नये. त्याच्या आठवडाभर आधी, २६ सप्टेंबरला, रॉक आयलंडने सेंट पॉल आयडियल्सला ४८-० ने हरवलं होतं, पण आयडियल्स लीगमध्ये नव्हते.

डेटनचा संघही कामगारांचाच. डेल्को, डोमेस्टिक इंजिनीअरिंग आणि डेटन मेटल प्रॉडक्ट्स या तीन कारखान्यांवरून ‘ट्रँगल्स’ हे नाव पडलं. ट्रँगल पार्कमधली खेळाडूंची कपडे बदलायची इमारत उचलून आता डेटनच्याच कॅरिलन पार्कमध्ये जपली आहे. जाणाऱ्यांनी ती जरूर बघावी.

पॅनहँडल्सचा तो हंगाम वाईट गेला. ॲक्रनकडून ३७-० अशी धुलाई झाली. जे दोन विजय मिळाले ते लीगबाहेरच्या संघांवर. १९२१ मध्ये एकच विजय, १९२२ मध्ये एकही नाही. १९२१ मध्ये टेड आणि त्याचा मुलगा चार्ली एकाच संघातून खेळले. एनएफएलमध्ये बाप-लेक एकत्र खेळल्याचं हे एकच उदाहरण आहे. थोरला जॉन त्या वेळी पंचेचाळिशी ओलांडलेला. बहिणीचा मुलगा टेड हॉपकिन्सही संघात. ही माहिती कौतुकाने सांगितली जाते, पण प्रशिक्षकाच्या नजरेने वाचली तर तीच संघाची अडचण आहे: नवे खेळाडू घरातूनच येत होते.

चौथा_डाउन

शेवटच्या वाक्याशी सहमत, आणि मैदानावरची कारणं जोडतो.

१९१२ मध्ये पासवरचे जाच बरेच कमी झाले आणि चौथा डाउन मिळाला. त्यानंतर कॉलेजांमधून पास खेळायला शिकलेली मुलं बाहेर पडू लागली. युद्धानंतर ती लीगच्या संघांत आली. बचाव करणाऱ्या संघाला आता रुंदीत धावावं लागलं. पॅनहँडल्सची फळी समोरून येणाऱ्याला अडवण्यात पटाईत, पण बाजूने धावणाऱ्या एंडला (फळीच्या टोकाच्या खेळाडूला) गाठायला वेग लागतो आणि तो तिशी-चाळिशीतल्या पायांत उरत नाही.

दुसरं, सराव. जेवणाच्या सुट्टीत तुम्ही लाइनची टक्कर घोटू शकता, लाथा मारू शकता. पासचे मार्ग घोटायला अकराच्या अकरा जण, मोकळं मैदान आणि सलग तासभर लागतो. डिकेटरचा स्टेली संघ याच्या अगदी उलट. स्टार्च बनवणाऱ्या कंपनीने जॉर्ज हॅलसला नोकरीत घेतलं, खेळाडूंना कामावर ठेवलं आणि कामाच्या वेळेत रोज सराव करायची मुभा दिली. १९२१ मध्ये कंपनीच्या मालकाने हॅलसला ५,००० डॉलर देऊन संघ शिकागोला न्यायला सांगितला, तोच आजचा बेअर्स. दोन्ही संघ कारखान्याचेच. पण एकाला कारखान्याने वेळ दिला, दुसऱ्याला फक्त पास मिळाला. मला विचाराल तर १९२० नंतरचा सगळा फरक या वेळेत आहे.

भावांशिवाय संघात चांगले खेळाडू नव्हते असं मात्र नाही. ली स्नूट्स, हाल गॉल्के, एमेट आणि होमर रू, जो मुलबार्गर, ऑस्कर क्यूनर ही नावं त्या यादीत आहेत आणि भावांच्या गोष्टींत ती झाकली जातात.

परळगाडी

१९२२ म्हणजे अमेरिकेतल्या रेल्वे वर्कशॉप कामगारांच्या मोठ्या संपाचं वर्ष ना? १ जुलैपासून सुमारे ४ लाख कामगार बाहेर पडले होते, बॉयलरमेकरसुद्धा. त्यामुळे संघ बुडाला असेल का?

रूळओळ

संप झाला हे खरं. मजुरी कपातीवरून झाला आणि उन्हाळ्यापासून शरद ऋतूपर्यंत बऱ्याच ठिकाणी चालला. पण तारखा जुळतात म्हणून त्याला कारण ठरवायला मी तयार नाही. संघाची घसरण १९२० पासून सुरू होती. १९२२ पर्यंत भावांपैकी बरेच जण थांबले होते किंवा दुसरीकडे गेले होते, आल तर १९२० लाच ॲक्रनकडे गेला. रेल्वेचे कामगारच संघात कमी उरले की पास कोणाच्या नावावर काढणार? हिशेबवही यांनी मांडलेलं गणित इथे उलटं फिरतं. १९२३ पासून संघ कोलंबस टायगर्स या नावाने खेळला, तो १९२६ पर्यंत टिकला. नावातून रेल्वे गेली तेव्हा ती संघातून आधीच गेलेली होती.

हिशेबवही

कारबद्दल लिहिल्याशिवाय हा इतिहास अर्धा राहील. ३० एप्रिल १९२१ रोजी ॲक्रनच्या बैठकीत त्याला लीगचा अध्यक्ष निवडलं आणि २० मे १९३९ ला मरेपर्यंत तो त्या पदावर होता. लीगचा कारभार इतकी वर्षं कोलंबसमधूनच चालला.

छोटा संघ चालवताना ज्या गोष्टींनी छळलं, त्याच त्याने एकेक करून बंद केल्या असं मला दिसतं. १९२० पूर्वी खेळाडू या रविवारी एका संघात आणि पुढच्या रविवारी शंभर डॉलर जास्त देणाऱ्याकडे, असं सर्रास चाले. यजमान संघ ऐन सामन्यासाठी बाहेरून दोन-तीन नामवंत आणायचा आणि हमीवर आलेल्या पाहुण्याला ते मैदानावरच कळायचं. कारने सगळ्यांसाठी एकसारखा करार आणला आणि एका संघाचा खेळाडू दुसऱ्याने परस्पर उचलायचा नाही असं बांधून घेतलं.

दुसरा रोग, शिक्षण चालू असलेली कॉलेजची मुलं खोट्या नावाने खेळवणं. ग्रीन बे पॅकर्सने १९२१ मध्ये नोत्र दाम विद्यापीठाची मुलं खेळवली. जानेवारी १९२२ मध्ये त्यांचं सदस्यत्व काढून घेतलं गेलं. पॅकर्सच्या कर्ली लॅम्बोने माफी मागून, नियम पाळायचं कबूल करून जूनमध्ये ते परत मिळवलं. त्याच जून १९२२ च्या बैठकीत लीगला नॅशनल फुटबॉल लीग हे नाव मिळालं.

१९२५ चं प्रकरण आणखी गंभीर. शिकागो कार्डिनल्सने हंगामाच्या शेवटी मिलवॉकी बॅजर्सशी एक जादा सामना ठरवला. बॅजर्सकडे पुरेशी माणसं नव्हती, म्हणून कार्डिनल्सच्याच आर्ट फोल्झने शाळेत शिकणारी चार मुलं त्यांच्या संघात घुसवली. कार्डिनल्सने सामना ५९-० जिंकला. कारने फोल्झवर आजन्म बंदी घातली, बॅजर्सच्या मालकाला ५०० डॉलर दंड करून ९० दिवसांत संघ विकायला लावलं आणि कार्डिनल्सच्या मालकाला १,००० डॉलर दंड केला. काही शिक्षा नंतर सौम्य झाल्या, तरी संदेश पोचला.

तिसरं काम मोठ्या शहरांचं. १९२५ मध्ये टिम मारा याने न्यूयॉर्कचा संघ ५०० डॉलरला घेतला, त्यामागे कार होता. पुढे लहान गावांचे संघ एकेक करून गेले. ओहायोतलाच पोर्ट्समथ स्पार्टन्स १९३३ च्या हंगामानंतर सुमारे ८,००० डॉलरला विकला जाऊन डेट्रॉइटला गेला आणि लायन्स झाला. त्यानंतर लहान गावातला एकच संघ उरला, ग्रीन बे. आयुष्यभर गावोगाव पासावर फिरलेल्या माणसाने लीग त्या गावांतून उचलली याचं अनेकांना वाईट वाटतं. मला ते समजतं, पण कारचा निर्णय बरोबर होता. घरचा प्रेक्षक नसलेल्या संघाचं काय होतं हे त्याच्याइतकं कोणी जवळून पाहिलं नव्हतं.

जुनी_कात्रणे

कोणाला या संघावर किंवा ओहायोतल्या अशाच संघांवर स्वतः शोध घ्यायचा असेल तर काही व्यवहाराच्या गोष्टी.

एनएफएलने खेळाडूंची आकडेवारी अधिकृतपणे ठेवायला सुरुवात केली १९३२ पासून. त्याआधीचं सगळं वृत्तपत्रांतून जुळवलेलं आहे, त्यामुळे दोन पुस्तकांत १९१४ चा विजय-पराभवांचा आकडा वेगळा दिसला तर दचकू नका. लीगच्या काळातही कोणता सामना मोजायचा हा प्रश्न राहतो. लीगबाहेरचे संघ धरले तर एक आकडा, न धरले तर दुसरा. शिवाय बरोबरीचे सामने १९७२ च्या आधी टक्केवारीत धरतच नसत. १९२० चं विजेतेपद तर एप्रिल १९२१ च्या बैठकीत मत घेऊन ॲक्रनला दिलं गेलं. म्हणून गुणतक्ता वाचताना तो कोणी आणि केव्हा बनवला ते आधी बघावं.

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ संग्रहात ओहायोची बरीच जुनी वृत्तपत्रं फुकट पाहता येतात. सामना रविवारचा असतो, म्हणून सोमवारचा अंक काढा. रविवारच्या अंकात फक्त जाहिरात आणि अपेक्षित संघ असतो, तो पुष्कळदा मैदानात उतरलेला नसतो. यजमान गावचा पेपर आणि कोलंबसचा पेपर दोन्ही वाचा. यजमान पेपरात गर्दीचा आकडा फुगवलेला असतो, कारण पुढच्या रविवारची तिकिटं विकायची असतात. पाहुण्यांच्या पेपरात पराभवाला पंच आणि चिखल जबाबदार असतात. गुण दोन्हीकडे सारखे असतील तर घ्या. नसतील तर क्वार्टरवार गुण आणि गुण कसे मिळाले याचं वर्णन यांची बेरीज करून बघा, चूक बहुधा तिथे सापडते.

शोधपेटीत फक्त ‘पॅनहँडल’ टाकलं तर टेक्सासच्या पट्ट्याच्या बातम्या आणि रेल्वेचे अपघात यांचा ढीग येतो. सोबत ‘नेसर’ टाका, आणि ते आडनाव चुकीचं छापलेलं किंवा यंत्राने चुकीचं वाचलेलं असू शकतं म्हणून एक-दोन अक्षरं बदलूनही शोधा. ‘पॅन हँडल’ असं तोडूनही बघा. खेळाडूंच्या यादीत नुसतं ‘नेसर’ चार वेळा छापलेलं असतं. कुठला भाऊ कुठे खेळला हे जागेवरून ठरवता येत नाही, कारण टेड बॅक (फळीमागचा खेळाडू) म्हणूनही खेळायचा आणि लाइनमध्येही. पहिल्या नावाचं अक्षर दिलेलं असेल तरच नोंद करा.

नेसरांबद्दलच्या गोष्टींचंही तसंच. वडील मैदानावर पाणी द्यायचे आणि आई सगळ्यांचे कपडे धुवायची, ही गोष्ट जिथे तिथे सांगितली जाते. नोत्र दामचा प्रसिद्ध प्रशिक्षक न्यूट रॉकनी याच्या नावावर नेसरची धडक आणि धावत्या गाडीतून पडणं यांची तुलना खपवली जाते. रॉकनी ओहायोत पैसे घेऊन खेळला हे पक्कं आहे, पण एखादं वाक्य त्याचं म्हणून लिहायचं तर त्या दिवसाचं कात्रण हातात हवं. ते मिळेपर्यंत वहीत पेन्सिलीनेच लिहावं.

परळगाडी

जुनी_कात्रणे, १९१८ चे सामने शोधायला गेलो तर फारसं काहीच सापडत नाही. शोधण्यात चूक होतेय का?

जुनी_कात्रणे

नाही, चूक तुमची नाही. त्या शरद ऋतूत खेळाडू सैन्यात होते आणि फ्लूच्या साथीमुळे शहरांनी गर्दी जमवायला बंदी घातली होती. ओहायोतल्या बहुतेक संघांनी हंगामच सोडला. डेटन खेळलं, म्हणून त्या वर्षासाठी डेटनचे पेपर आधी चाळा. पॅनहँडल्ससाठी थेट १९१९ च्या सप्टेंबरपासून सुरुवात करा. हंगामाचं वेळापत्रक साधारण महिनाअखेरीस छापून येतं आणि त्यातली गावं रूळओळ यांनी सांगितलेल्या लाइनींवर ठेवून पाहिली की कुठला पेपर मागवायचा ते लगेच कळतं.